माझ्या दारावरची पाटी

मी एक जुना कंपायलर आहे. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात घडवून देणे हे माझे काम. मित्रांनो, जे घडले त्याने मी अजून सुन्न आहे.

शिंचू शहरातल्या एका कचेरीतल्या लिनक्स यंत्रात मी राहतो. यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवलेला असतो. तो असला की यंत्र शहाण्यासारखे वागते, अशी इथल्या इंजिनिअरांची श्रद्धा. पिवळा चालत नाही आणि मुदत संपलेला तर मुळीच नाही.

धरणाचे पाणी वाढले की खालच्या गावांत भोंगा वाजवणारा प्रोग्राम मीच घडवला. तेव्हा इथली मुख्य इंजिनिअर, जिला सगळे थोरल्या बहिणीच्या मानाने युन-जे म्हणतात, माझ्याबद्दल म्हणाली होती, "म्हातारा खडूस आहे, पण दगा नाही देत." ते शब्द मी जपून ठेवले.

मग कै-तिंग नोकरीला लागला. त्याच्या प्रोग्राममधली नवी वळणे मला कळेनात, म्हणून त्याने माझा नवा भाऊबंद आणला. आणावा की! दोघांना वेगळ्या खोल्या द्याव्यात, नव्याला लागेल तेव्हाच हाक मारावी, ही रीत. पण या बहाद्दराने माझ्या नावाची पाटी काढून नव्याच्या दारावर ठोकली! हाक मला मारली तरी 'ओ' तो देणार! इतक्या वर्षांच्या चाकरीचे हे फळ?

त्याच सकाळी टायफून किनाऱ्याकडे वळला. भोंग्याचा प्रोग्राम किरकोळ दुरुस्तीसाठी पुन्हा घडवून धरणावर पाठवला होता. तो सुरूच होईना. नव्याच्या हातच्या प्रोग्रामला सोबत नवी शिदोरी, म्हणजे मदतीच्या नव्या फायली, लागते, ती धरणावरच्या जुन्या यंत्राकडे कुठून असणार? युन-जेचे आईवडील धरणाखालीच पेरूची बाग राखतात. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"युन-जे, पुडा बघ! मुदत संपलीय!" कै-तिंग किंचाळला.

"पळ, आण दुसरा! आणि पिवळा आणलास तर तुलाच यंत्रावर बसवीन!"

हिरवा पुडा आला. सगळ्यांनी हात जोडले. मला विचारायचे सोडून माणसे कुरकुऱ्यांना विनवीत होती! मी आत तडफडत होतो. प्रोग्राम जागचा हलला नाही.

युन-जेने कै-तिंगकडे रोखून पाहिले. "पुडा बदललास, बरं केलंस. आणखी काय बदललंयस?"

"कंपायलर... म्हटलं, जुनं कशाला ठेवायचं?"

"आणि हे आत्ता सांगतोयस, शहाण्या?"

पाटी माझ्या दारावर परत आली. मी प्रोग्राम पुन्हा घडवला. तो धरणावर पोहोचला आणि थोड्याच वेळात युन-जेचा फोन वाजला. पलीकडून आई तणतणत होती, "कानठळ्या बसल्या बाई! निघालोय आम्ही, बंद करा तो भोंगा!" युन-जे रडता रडता हसली.

आता नवा त्याच्या खोलीत आहे, मी माझ्या. यंत्रावर दोन हिरवे पुडे आहेत. मित्रांनो, नव्याला जरूर आणा. पण जुन्याची पाटी उतरवण्याआधी, त्याच्या भरवशावर कोण निर्धास्त झोपते, तेवढे एकदा बघा.