जाळीपलीकडचा माणूस

आत्याची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली, तीही दाव्यांच्या तपासणीत. गोदामाला आग लागली म्हणून कुणी कळवलं की तिथे जाऊन ती खरंच लागली की लावली, हे शोधायचं तिचं काम. निवृत्त झाल्यावर खुर्ची सुटली, पण नजर काही सुटली नाही. दूधवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत कुणीही काही सांगितलं, की तिची मान आपोआप थोडी तिरकी व्हायची.

म्हणूनच किल्ल्याच्या सहलीला निघताना भाच्याच्या होणाऱ्या बायकोने गाडीत बसल्याबसल्या "मी तर हा किल्ला कधी पाहिलाच नाही" असं म्हटलं, तेव्हा आत्याने मान डोलावली, पण ते वाक्य मनात बाजूला काढून ठेवलं. मुलगी तशी चांगली होती. शाळेत गणित शिकवायची, बोलायला मऊ, कामाला चटपटीत. खटकायचं ते एवढंच, की तिचा मोठा भाऊ जहाजावर नोकरीला असतो असं घरचे सांगायचे, आणि त्या जहाजाविषयी आणखी एक शब्दही कुणाच्या तोंडून निघायचा नाही. समुद्रावर असलेल्या माणसाचे घरचे कसे बंदरांची नावं घेऊन उतू जातात! इथे सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले.

किल्ला मोगलांच्या काळचा. लाल दगडाचा उंच दरवाजा, आत बागेचे चौकोन, कोरडे पडलेले पाट, पलीकडे दिवाणखान्याचे खांब. आईबाप दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या याद्या करण्यात गुंतलेले, त्यामुळे सहलीला तिघंच. भाचा फोटो काढत पुढे चालला होता. मुलीच्या खांद्याला एक फुगलेली कापडी पिशवी होती.

"दे इकडे, मी धरते थोडा वेळ," आत्या म्हणाली.

"नको नको, हलकीच आहे," असं म्हणून मुलीने ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. हलक्या पिशवीचा पट्टा खांद्यात असा रुतत नाही.

बुरुजाच्या जिन्यात अंधार होता. मुलगी पुढे होती. "आत्या, इथे डोकं सांभाळा," ती सहज म्हणाली आणि वाकली. पुढच्याच वळणावर कमान इतकी खाली आलेली होती की एखाद्याचं कपाळ फुटावं. वर पोचल्यावर भाच्याने पाणी मागितलं. "हमामखान्याच्या मागे नळ आहे," ती बोलून गेली आणि लगेच तिने ओठ मिटले. नळ बरोबर तिथेच होता.

आत्या नळावर ओंजळीने पाणी प्यायली आणि काही बोलली नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, हा तिचा ऑफिसातला शिरस्ता. बुरुजावरून तटाच्या पलीकडे दर्ग्याचा पांढरा घुमट दिसत होता. मुलीचे डोळे सारखे तिकडे जात होते. कोण असेल तिथे? आधीचं कुठलं प्रकरण? की ठरलेलं लग्न मोडून आलेली आहे? आत्याच्या मनात एकेक शंका डोकं वर काढू लागली.

दर्ग्यात गर्दी बेताची होती. पायऱ्यांशी चपला ठेवून, डोक्यावर पदर-ओढणी घेऊन ते आत गेले. थंडगार फरशी, गुलाबाचा आणि धुपाचा वास, कोपऱ्यात कुणी डोळे मिटून पुटपुटत बसलेलं. वाकून नमस्कार करून होतो न होतो तोच मुलगी म्हणाली, "मी जरा हात धुऊन येते." आणि पिशवीसकट मागच्या दाराने गेली.

आत्या वळली, तर भाच्याने तिचा दंड धरला. "आत्या, ही जाळी बघ ना, एकाच दगडात कोरलीय. इकडून बघ, उजेड छान पडलाय."

लहानपणापासून या मुलाला कधी दगडाचं कौतुक नव्हतं. म्हणजे हाही सामील! मुलीने लपवावं हे एक, पण ज्याला मांडीवर खेळवलं त्याने तिचं लक्ष दुसरीकडे वळवावं?

तिने निमूटपणे संगमरवरी जाळीला डोळा लावला, आणि भाच्याला नको होतं तेच नेमकं तिला दिसलं. मागच्या अंगणात, ओसरीच्या कठड्यावर एक दाढीवाला, धिप्पाड तरुण बसला होता. मुलगी ओल्या रुमालाने त्याचं तोंड पुसत होती. त्याने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"बाजूला हो," आत्या म्हणाली.

"आत्या, ऐक तरी..."

"बाजूला हो म्हटलं ना!"

ती तडक अंगणात गेली. ओसरीवर आणखीही काही माणसं होती. कुणी स्वतःशी बोलत होतं, कुणी नुसतं भिंतीकडे बघत होतं. कठड्यावर पिशवी रिकामी केलेली होती : धुतलेले सदरे, साबण, संत्री.

मुलगी उभी राहिली. रंग उडाला होता, पण मनगट तिने सोडवून घेतलं नाही. "हा माझा दादा," ती म्हणाली.

"जहाजावरचा?"

"जहाज नाहीच. कॉलेजात असताना याचं बिनसलं. घरच्या अन्नात विष घालतात असं वाटायचं. इथे मात्र जेवतो. सगळ्यांचं एकाच पातेल्यातलं असतं ना, म्हणून. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येतात, गोळ्या देतात. मुजावर लक्ष ठेवतात."

आत्याने भाच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं."

"पहिल्यापासून. तुला आज सांगणारच होतो, पण दोघांचाही धीर होईना. आत्या, सांगितलं असतं तर तू लगेच फाइल उघडली असतीस."

हे तिच्या जिव्हारी लागलं, कारण फाइल उघडलेलीच होती. आणि तशातही पुढचा प्रश्न तिच्या तोंडून निसटलाच. "घराण्यात आणखी कुणाला?"

"आजोबांच्या भावाला होतं म्हणतात," मुलगी म्हणाली. "मला नाही. पुढचं मी कशी सांगू?"

या मुलीकडून तिला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. तेवढ्यात कठड्यावरचा दादा आत्याकडे बोट दाखवत मोठ्याने म्हणाला, "ही बाई मला जाळीतून बघत होती!"

"नाही रे दादा, कुणी नाही बघत," मुलगी सवयीने म्हणाली.

"बघत होती. डोळा दिसत होता मला."

मुलगी पुन्हा त्याची समजूत घालणार, तोच आत्या म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. बघत होते मी."

"का?" दादाने विचारलं.

"संशय आला होता. तू कोण, हिचं तुझ्याशी काय काम, म्हणून."

तो तिच्याकडे एकटक बघत राहिला. मग बहिणीकडे वळला. "बघ! मी सांगतो तेव्हा म्हणतेस भास होतात." आणि तो हसला, अगदी पोट धरून. मुलीने तोंडावर ओढणी दाबली. ती हसत होती की रडत होती, हे आत्याला कळलं नाही.

आत्या त्याच्या शेजारी बसली. एक संत्रं सोलून त्यातली फोड आधी तिने स्वतःच्या तोंडात टाकली, नीट चावून गिळली, मग उरलेलं त्याच्यापुढे धरलं. त्याने बराच वेळ तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि एक फोड घेतली.

परतीच्या वाटेवर आत्या खिडकीबाहेर बघत बसली. लग्नाला हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. भाच्यावरचा राग तर चांगला महिनाभर पुरला. पण घरी पोचल्यावर तिने आपल्या भावाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना, सगळं स्वतःच सांगितलं. त्यांनी आकाशपाताळ एक केलं. जमलेलं मोडायची भाषाही झाली. आत्याने सोबत जाऊन त्या डॉक्टरांना भेटायला लावलं, तेव्हा कुठे आवाज खाली आला.

लग्न झालं. दादा मुजावरांबरोबर आला, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि सगळा वेळ हॉलच्या दाराशी उभा राहून प्रत्येक पाहुण्याला निरखत होता. "हे कोण?" असं लोक कुजबुजत विचारत, तेव्हा आत्या मोठ्याने सांगे, "मुलीचा मोठा भाऊ." जेवला मात्र नाही.

आता सून घरात रुळली आहे. तरी कधी ती ओट्याशी उगाच गप्प उभी राहिली, की आत्याची मान तिरकी होते. सुनेच्या ते लक्षात येतं. मागे न बघताच ती म्हणते, "आत्या, वह्या तपासायच्या राहिल्यात, त्याचा विचार करतेय." आत्या "बरं" म्हणते, आणि थोड्या वेळाने टेबलावर वह्यांचा गठ्ठा खरंच आहे का ते बघून येते.