धूरवर्गातली जागा

मुलगी नववीत आली ती अर्धं वर्ष सरल्यावर. तोवर वर्गातले बाक वाटून झाले होते आणि बाकांबरोबर मैत्रिणीही. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन कॅन्टीनभर फिरायची. कुठेही टेकायला गेली की, "इथे कुणीतरी बसतं गं." ते कुणीतरी कधी येत नसे, पण जागा मात्र त्याचीच. शेवटी तिला दुसऱ्या मजल्यावरचं स्वच्छतागृह सापडलं. तिथल्या खिडकीच्या कट्ट्यावर डबा मावायचा, मुलगीही मावायची, आणि कुणाला विचारावं लागत नसे.

एक दिवस तिथे दहावीच्या तीन मुली धूर सोडत उभ्या होत्या. त्यांतल्या उंच मुलीला सगळे लांबडी म्हणत. बुटाची नाडी बांधायला वाकता वाकता तिने सिगारेट मुलीपुढे केली. "धर गं जरा."

मुलीने धरली. या शाळेत कुणी विश्वासाने तिच्या हाती दिलेली ती पहिली वस्तू. नेमक्या त्याच घडीला खेळाच्या बाई दारात उभ्या.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चौघी ओळीने. "मी नुसती धरली होती," हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात लांबडी कानाशी कुजबुजली, "घाबरू नकोस, आपण चौघी आहोत ना."

आपण. या शब्दात तिला आजवर कुणी मोजलं नव्हतं.

"मीपण ओढते सर," मुलगी म्हणाली.

अशा मुलांसाठी शाळेने 'नवी पहाट' नावाचा वर्ग काढला होता. मुलं त्याला धूरवर्ग म्हणत. अख्ख्या शाळेत गालिचा तेवढ्या एका खोलीत. खुर्च्या गोलात मांडलेल्या, त्यामुळे शेवटचा बाकच नाही. समुपदेशक बाई क्रीमची बिस्किटं वाटत, "आज मन कसं आहे?" विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. पास होणाऱ्या शहाण्या मुलांना हे कुणी विचारत नसे. त्यांना मन असण्याचं कारणच नव्हतं. इथे मुलीला बारकी हे नावही मिळालं. हाक आली की ती दिवा लागावा तशी उजळे.

घरी मात्र अंधारलं. आई पडदे शिवायची. शाळेत बोलावून घेतल्यावर तिने सगळं उभ्यानेच ऐकलं, घरी येऊन मशीनवर बसली, आणि दोरा सारखा तुटत राहिला. "खरंच ओढतेस?" एवढंच तिने विचारलं. बारकी "हो" म्हणाली. तो 'हो' बोलताना तिचं काळीज कातरलं, पण दुसऱ्या दिवशी धूरवर्ग होता.

मग बाईंनी यंत्र आणलं. त्यात फुंकर घालायची. छातीत धूर असेल तर लाल दिवा, नसेल तर हिरवा. हिरव्याला सगळ्या शाळेसमोर बिल्ला, वर्गातून सुटका, आणि पुन्हा संगत लागू नये म्हणून लालांशी बोलायला बंदी.

"अगं वेडे," लांबडीने कपाळावर हात मारला, "तू तर पहिल्या फुंकरीत हिरवी निघशील!"

"मग?"

"मग काय! बिल्ला लावायचा आणि बसायचं कट्ट्यावर डबा खात."

म्हणून तपासणीआधी पाण्याच्या टाकीमागे शिकवणी झाली. बाळाला पहिलं पाऊल टाकायला शिकवावं, इतक्या मायेने. एक पाठ चोळतेय, एक पाणी पाजतेय, लांबडी म्हणतेय, "सावकाश गं माझी राणी, घाई नाही." बारकीला ठसका लागला, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि दिवा लाल लागला. ती आनंदाने रडली. बाईंना तो पश्चात्ताप वाटला. शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी तो यश म्हणून सांगितला.

धुराचं मात्र असं, तो पाहुणा म्हणून येतो आणि घराच्या किल्ल्या मागतो. पुढे तपासणी नसली तरी बारकी टाकीमागे दिसू लागली. कधी कधी एकटीच.

आणि लांबडी हिरवी झाली. शर्यतीच्या सरावात तिचा दम तुटला, खेळाच्या बाईंनी संघातून काढायची तंबी दिली, तिने सिगारेट सोडली. टाळ्या पडल्या, बिल्ला लागला. मंचावरून तिने बारकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तिच्यामागे हिरवं व्हायचं बारकीनेही ठरवलं. सोपंच होतं की! ती कुठे खरी ओढणारी होती? पण दुपारपर्यंत ती दोनदा टाकीपर्यंत जाऊन परतली, संध्याकाळी ती आईवर खेकसली, आणि तपासणीच्या सकाळी टाकीमागे गेली. लाल.

"बाई, मी आधी ओढतच नव्हते," ती म्हणाली. "या वर्गात राहता यावं म्हणून शिकले."

बाई मायेने हसल्या. "सगळ्यांना असंच वाटतं, बाळा. हा नकाराचा टप्पा आहे." आणि दोन बिस्किटं जास्त दिली.

घरी तिने तेच आईला सांगितलं. आईने मशीन थांबवलं.

"आणि आता?"

"आता लागते, आई. सुटत नाही."

"तेव्हाच का बोलली नाहीस गं?"

"बसायला जागा मिळाली होती ना."

आई कितीतरी वेळ पडद्याच्या काठावरून हात फिरवत राहिली. मग तिने अंगावरचे दोरे झटकले, चपला घातल्या. "ती लांबडी राहते कुठे?"

"तिने माझ्याशी बोलायचं नाही. नियम आहे."

"राहते कुठे, ते विचारलं मी."

आईची हाक ऐकून लांबडी ओल्या केसांनीच आपल्या घराचा जिना उतरली. मायलेकींना पाहून खालच्या पायरीवर थबकली. "काकू, आमचं बोलणं बंद आहे. शाळेनेच सांगितलंय."

"शाळेत सांगितलंय. हा रस्ता आहे."

लांबडीने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. बारकी आपल्या चपलांकडे बघत होती.

"फार ओढावीशी वाटते का गं?" लांबडीने हळूच विचारलं.

"आत्तासुद्धा."

"मला पण. रोज." ती खालची पायरी उतरली. "चल, त्या वळणापर्यंत जाऊ. तेवढ्यात जरा कमी होतं."

दोघी निघाल्या. आई मुद्दाम मागे रेंगाळली आणि एका दुकानाच्या काचेतले नळ, जणू आज घ्यायचेच आहेत अशा तोंडाने, न्याहाळत उभी राहिली.