साखर न घातलेली गव्हाची बिअर

हाउकेला बायकोच्या, म्हणजे आफ्राच्या, गावात सासऱ्यांच्या घरी राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तो तिथली बोली शिकला, पांढरं सॉसेज साल काढून खायला शिकला, गावजत्रेची बाकडी उचलून उचलून त्याची कंबर धरली. पण आगाथाच्या खानावळीत, शेगडीजवळच्या गोल टेबलाशी त्याला कुणी बोलावलं नाही ते नाहीच. ते टेबल ठरलेल्या माणसांचं. दर शुक्रवारी त्याचे सासरे कोर्बिनियान आणि त्यांचे दोघे जुने दोस्त, ओटमार आणि वेन्डेलिन, तिथे बसायचे. चौथी खुर्ची तिच्यावर बसणारा गावचा बेकर वारल्यापासून रिकामी होती. आणि हाउके शेजारच्या टेबलाशी एकटा, मान वाकडी करून त्यांचे विनोद ऐकायचा, हसायचासुद्धा. खुर्ची धूळ खात पडली तरी चालेल, पण उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या माणसाला तिच्यावर बसवायचं? छे, छे!

"या मासेखाऊला गव्हाच्या बिअरमधलं काय कळणार?" एका शुक्रवारी ओटमार मोठ्यानं म्हणाला. "खारं पाणी पिऊन वाढलाय तो."

हाउकेचं डोकं फिरलं. तो उठून उभाच राहिला. "बाबांच्या पंच्याहत्तरीला मी स्वतः बिअर करून पाजतो तुम्हाला. घरी केलेली!"

"पाजलीस तर ही खुर्ची तुझी," वेन्डेलिन म्हणाला. "आणि फजिती झाली तर पुन्हा इकडे मान वळवायची नाही."

कोर्बिनियान ग्लासात बघत बसले.

बिअर करणं म्हणजे काय, हे हाउकेला ओ का ठो माहीत नव्हतं. त्यानं शिकाऊ लोकांसाठीचा संच मागवला. त्यात निघाली झाकणाला बुडबुड नळी लावलेली एक प्लास्टिकची बादली, मोड आणून वाळवलेल्या गव्हाचा, म्हणजे माल्टचा, काळपट पाक भरलेला डबा, यीस्टची पुडी आणि माहितीपत्रक. पाक गरम पाण्यात ढवळायचा, वर गार पाणी ओतायचं, यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावून गप्प बसायचं. गप्प बसणं तेवढं त्याला जमेना. तासातासाला जाऊन तो बादलीला कान लावायचा.

"माझ्या पोटात आफ्रा होती तेव्हा तिचा बाप एवढा कान लावत नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी घरभर पिकलेल्या केळ्यांचा वास सुटला. आफ्रानं नवऱ्याला विचारलं, "केळी घातलीस की काय रे त्यात?" वास यीस्टचा होता आणि हवा तसाच होता. आनंदानं हाउकेनं बायकोचा मुकाच घेतला.

कोर्बिनियान मात्र दारात उभे राहून नाक मुरडत होते. "डब्यातली बिअर! आता हेच बघायचं राहिलं होतं. ऐक, मासेखाऊ. बिअरमध्ये काय असतं? पाणी, धान्य, हॉप्सची कडू फुलं आणि यीस्ट. बस्स. आमच्याकडे कित्येक पिढ्या हेच चालत आलंय. तुझ्या त्या कागदावर बाटलीत साखर घाला म्हणून लिहिलंय, मी वाचलंय. माझ्या घरात बिअरमध्ये साखर पडली, तर बादली तुझ्या डोक्यावर उपडी करीन."

"नाही घालणार, बाबा."

"शपथ घे."

हाउकेनं शपथ घेतली. आणि रविवारी सगळी मंडळी चर्चमध्ये गेल्यावर, पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिलेल्या या पठ्ठ्यानं तळघरात बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीत चमचाभर साखर घातली. काय करणार? साखरेशिवाय बिअर फसफसणार नव्हती, आणि फेस नसलेली गव्हाची बिअर म्हणजे ओटमारच्या हातात कोलीतच. तारेची कडी असलेली चिनी मातीची बुचं त्यानं खटाखट लावली आणि देवाची माफी मागितली. सासऱ्यांची मागायची हिंमत नव्हती.

वाढदिवस ऑक्टोबरात आला. पांढऱ्या सॉसेजचा न्याहारीचा बेत होता, आणि हे सॉसेज बाराच्या घंटेआधी संपवावं लागतं. घंटा झाल्यावर ते खाणारा माणूस आमच्याकडे जन्माला आलेला नाही. ओटमार आणि वेन्डेलिन साडेअकराला नटूनथटून हजर झाले. हवा गार होती, म्हणून आफ्रानं सकाळीच त्या मोसमात पहिल्यांदा घर तापवायची भट्टी लावली होती. भट्टी तळघरात. बाटल्याही तळघरात. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

हाउकेनं आदल्या दिवशी गार करायला ठेवलेली एक बाटली आणली. ओटमारनं उंच ग्लास धरला, डोळा मारला. "हं, दर्यासारंग! होऊ दे."

हाउकेनं कडी उघडली.

बूच उडालं, फेसाचा लोट थेट छताच्या दिव्याला जाऊन लागला आणि तिथून कोर्बिनियानच्या टकलावर कोसळला. सगळे आ वासून बघताहेत तोच पायाखालून आवाज आला. ठो! मग दुसरा. मग एकदम चार-पाच. ताटल्या थडथडल्या. ओटमार चांगली वीस वर्षं गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख होता. तो सगळ्यात आधी टेबलाखाली गेला.

"पळा! गॅस! गॅस!"

"गॅस कसला डोंबलाचा, बिअर आहे ती!" आफ्रा ओरडली. "खाली कुणी जाऊ नका, काचा उडताहेत!"

बाकी सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. खाली ठोठो चालूच. बाराला पाच कमी होते. वेन्डेलिनला राहवेना. तो रांगत टेबलाशी गेला, एक हात वर करून त्यानं पातेल्यातलं सॉसेज चाचपलं आणि जमिनीवर बसूनच खायला लागला. "बारा वाजले तर वाया जाईल," तो भरल्या तोंडानं म्हणाला.

हळूहळू आवाज थांबले. हाउके ओल्या टेबलाशी बसला. त्याला रडू येत होतं. बाटलीच्या तळाशी दोन बोटं बिअर उरली होती. वेन्डेलिननं ती ग्लासात ओतली, चाखली, पुन्हा चाखली. "चव काही वाईट नाही हो," तो म्हणाला. आमच्या गावात यापेक्षा मोठं कौतुक कुणी कुणाचं केलेलं नाही.

पण ओटमार टेबलाखालून निघाला तो चिडूनच. टेबलाखाली गेल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता. "चवीचं सोड. ही बिअर नव्हे, दारूगोळा आहे. खरं सांग, साखर घातलीस ना?"

सासूबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"घातली," हाउके म्हणाला. "बाटलीला एक चमचा. कागदावर होतं तेवढीच."

"एका चमच्यानं बाटल्या फुटत नसतात," ओटमार म्हणाला.

हाउकेनं मान वर केली. सासरे छताकडे बघत होते. त्यांचा कोट भिजून अंगाला चिकटला होता, आणि कोटाच्या खिशातून पांढरा पाक ओघळत होता. शेजारच्या घोडीला द्यायला म्हातारा कायम खिशात साखरेचे चौकोनी खडे ठेवायचा. हाउकेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"चमचा मोठा होता," तो घाईनं म्हणाला. "डावच म्हणा ना. शिकाऊ आहे मी. चुकलं माझं."

"बघा!" ओटमार म्हणाला. "तरी मी सांगत होतो—"

कोर्बिनियाननं टेबलावर मूठ आपटली. "खोटं बोलतोय तो! मी घातली. बाटलीमागे दोन खडे, फोडून फोडून. बाटल्या भरल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला होता तेव्हा, बुचं उघडून."

"बाबा, तुम्ही?" आफ्राला हसावं की ओरडावं कळेना. "तुम्ही तर त्याला शपथ घ्यायला लावली होती!"

"म्हणूनच तर!" म्हातारा लालबुंद झाला होता. "मला वाटलं, शपथ घेतलीय म्हणजे यानं घातली नसणार. मग फेस कुठून येणार? आणि फेस नाही आला की हा ओटमार वर्षभर दात काढणार. माझ्या जावयावर! मी हसलो तर हसलो, दुसऱ्या कुणी का हसावं?" त्यांनी टकलावरचा फेस पुसला आणि पहिल्यांदाच जावयाचं नाव घेतलं. "आणि तू रे हाउके, शपथ मोडायचीच होती तर मला सांगून मोडायची होतीस, गाढवा."

तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. पातेल्यात सात सॉसेजं तशीच तरंगत होती. कुणीही त्यांना हात लावला नाही.

पुढच्या शुक्रवारी हाउके खानावळीत गेला आणि सवयीनं शेजारच्या टेबलाशी बसला. फजिती ती फजितीच, म्हणून मान पार भिंतीकडे वळवून. गोल टेबलाशी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"तिकडे काय भिंत बघतोस?" कोर्बिनियान खेकसले. "इकडे ये."

"पण बाबा, अट—"

"चव वाईट नव्हती, असं वेन्डेलिन बोलून बसलाय. आता माघार नाही. बस."

हाउके बसला. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, हे त्याला इतक्या वर्षांत दुरून कधी कळलं नव्हतं. आगाथानं त्याच्यापुढे गव्हाच्या बिअरचा उंच ग्लास ठेवला आणि शेजारी बशीत दोन साखरेचे खडे. अख्खी खानावळ खो खो हसली, ओटमार तर खोकून खोकून बेजार झाला.

हाउकेनं एक खडा उचलून सासऱ्यांपुढे सरकवला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला आणि या वेळी मान वाकडी न करता, सगळ्यांसमोर हसला.