यशोदाआत्याचा पेजेचा टोप

मी एक टोप आहे. ॲल्युमिनियमचा, लहानसा, बुडाशी काळा पडलेला. जामसंड्यात मंगेश आणि किशोरीच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. घरात माझ्याहून चकचकीत भांडी पुष्कळ आहेत, पण माझ्यात जे शिजलं आणि माझ्यासमोर जे घडलं, ते त्यांना सांगता येणार नाही.

माझा पत्रा कुठल्या कारखान्यात ठोकला गेला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते तळेऱ्याच्या बाजारातलं दुकान आणि बोटाने टणटण वाजवून मला पारखणारी नवी नवरी. तिचं नाव यशोदा. तिच्या चुलीवर रोज सकाळी माझ्यात उकड्या तांदळाची पेज शिजायची. नवरा-बायको समोरासमोर बसून ती प्यायची. मग नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. भाचा मंगेश तिला जामसंड्याला घेऊन आला, तेव्हा लुगड्यांच्या ट्रंकेबरोबर तिने मलाही आणलं.

इथे कुकर होता, स्टील होतं. माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी किती दिवस पालथा पडून होतो कोण जाणे. मग घरात कापूस आला.

कापूस म्हणजे पांढराशुभ्र, मांडीत मावेल एवढा कुत्रा. गोव्याला बदली झालेल्या मित्राने तो मंगेशला दिला. मंगेश ऑफिसात, किशोरी शाळेत शिकवायला. दिवसभर घरात आत्या आणि कापूस, दोघंच. त्याच्या भातासाठी वेगळं भांडं हवं म्हणून आत्याने मला खाली काढलं. लोक मला कुत्र्याचा टोप म्हणू लागले. थोडं लागलं मनाला. पण पुन्हा विस्तव मिळाला होता आणि ढवळणारा हात ओळखीचा होता.

आत्याचा त्याच्यावर भारी जीव. जेवताना ती ताटातलं काहीबाही त्याला घालायची. किशोरीने दोन-तीनदा बजावलं, "आत्या, तेका मसाल्याचा घालू नकात. सोसणा नाय तेका." आत्या मान हलवायची. एकदा बांगड्याच्या झणझणीत तिखल्यात कालवलेला भात घालताना ती किशोरीला सापडली, तेव्हापासून मात्र तिने खरोखरच सोडलं. हे मी रोज दुपारी पाहत होतो. किशोरी त्या वेळी शाळेत असायची.

एक दिवस किशोरी घरी आली तेव्हा कापूस मागच्या दाराशी गोळा होऊन पडला होता. दोनदा ओकला होता, पातळ शौचाला झालं होतं. आत्या सहाणेवर जायफळ उगाळत बसली होती.

"ह्या काय करतास?"

"जायफळ गो. पोरग्यांका नाय आपण दित? पोट धरता."

किशोरीने सहाण ओढून घेतली. रागावली की ती मालवणी सोडून शाळेतलं मराठी बोलते. "कुत्र्याला जायफळ विषारी असतं! आधी तिखलं घालायचं आणि मग हे. आत्या, तुम्ही मारणार आहात का त्याला?"

आत्या उठून उभी राहिली. "मी तेका काय्येक घालूक नाय गो," ती हळूच म्हणाली.

"मग आपोआप झालं का?"

आत्याने पदराला हात पुसले. ती स्वयंपाकघरालगतच्या आपल्या खोलीत गेली.

किशोरीने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून ओट्यावर ठेवला. डॉक्टरांनी विचारलं, वय किती, रक्त पडतंय का, हाक मारली की उठतो का, पाणी पोटात राहतं का. कापूस चार वर्षांचा होता, रक्त नव्हतं, हाकेला शेपूट हलवत होता.

"मग घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "काही तास खायला देऊ नका. पाणी मात्र घोट-घोट देत राहा. पिल्लू असतं तर उपाशी ठेवू दिलं नसतं, लगेच आणायला सांगितलं असतं. उलटी थांबली की मऊ भात किंवा पेज द्या. मीठ, हळद, तेल, कांदा, लसूण काही नको. सोबत कोंबडीचं साधं उकडलेलं मांस, कातडी आणि हाडं काढून. चमचा-दोन चमचे, थोड्या थोड्या वेळाने. दूध नको. आणि माणसांचं औषध अजिबात नको, अर्धी गोळीसुद्धा नाही. रक्त दिसलं, पोट फुगलं, पाणीही टिकेना किंवा मलूल पडला, तर वाट न बघता घेऊन या."

उलटी थांबल्यावर किशोरीने मला गॅसवर चढवलं. पेज करायची तिला सवय नव्हती. खोलीच्या दारातून आत्याचा आवाज आला, "पाणी कमी पडला गो. आनी घाल, नायतर तळाक लागतला."

किशोरीने ऐकलं. पाणी घातलं. पण मागे वळली नाही.

कापसाने चमच्यातली पेज चाटली. ती पोटात राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून बशी पुसून काढली, शौच घट्ट झालं, आणि मग त्याचं रोजचं खाणं हळूहळू पेजेत मिसळत तो पुरता बरा झाला. आत्या दारातून बघायची. हात लावायची नाही. तो तिच्याकडे धावला की म्हणायची, "जा रे, तिच्याकडे जा."

मग शेजारचा महादू मागच्या दारी नारळ द्यायला आला. कापसाला बघून हसला. "बरो दिसता मा? ह्यो आमच्या बारशाच्या उष्ट्या पत्रावळींत तोंड घालून बसलो होतो. मटणाचा सगळा चाटल्यान. हाकलून हाकलून दमलंय मी!"

किशोरीच्या हातातला नारळ तसाच राहिला. बारसं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी कापूस आजारी पडला होता.

ती आत्याच्या दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर थांबली. आणि म्हणाली, "आत्या, चाय घेतल्यात?"

माणसांचं हे मला कधी कळलं नाही. ओरडताना शब्द शोधावे लागत नाहीत, मग माफी मागताना ते कुठे जातात?

पुढच्या आठवड्यात आत्या देवबागला बहिणीकडे निघाली. चार दिवस म्हणून. मंगेशने विचारलं, टोप घेऊन जातेस का? तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "नको. कापसाक लागतलो."

त्याला बराच काळ लोटला. मंगेश जाऊन भेटून येतो. किशोरी फोन करते.

"कापूस बरो आसा मा?" आत्या विचारते.

"बरो आसा. तुमी कधी येतास?"

"येतंय गो. पावस सरांदे."

पाऊस सरला. मग दिवाळी होऊ दे म्हणाली, मग शिमगा. दर वेळी काहीतरी सरायचं बाकी असतं. किशोरी पावसापाण्याचं, कापसाच्या खाण्याचं सगळं सांगते, ते मला इथून ऐकू येतं. पण "तुमी घालूक नाय होतास, माका कळला" एवढं वाक्य काही बाहेर पडत नाही.

आता ती पेज उत्तम करते. आज माझ्यात ती रटरटत असताना किशोरीने फोन घेतला, त्यावर आत्याचं नाव उघडलं. अंगठा हिरव्या बटणापर्यंत नेला. मग कापूस पायाशी घोटाळला, तिने फोन पालथा ठेवला आणि त्याची बशी भरली.

कर गो किशोरी. थंय ती म्हातारी झाली. पेज मी सांभाळतंय, तू फोन कर आनी ता एक वाक्य सांग.