शेणखड्डा आणि अर्धं हिरवं रान

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. खोटा निघाला तर माझी कवळी काढून गाईला लावा.

थोरली म्हणजे त्या घरची मोठी सून. तिच्या गोठ्यामागचा शेणखड्डा इतका भरला होता, की कोंबडी या काठावरून त्या काठावर चालत जायची, पायसुद्धा न बुडवता. थोरली बघायची आणि तिला काही म्हणता काही वाटायचं नाही. नवरा गेल्यापासून तिचं असंच. धारा काढायची, चारा टाकायची, शेण खड्ड्यात लोटायची, चहा गार करून प्यायची.

"वहिनी, शेणाचा टँकर काढा आता," दीर म्हणाला. "आभाळ फुटलं तर गाई पोहायला लागतील."

"कुठे ओतू?"

"वरच्या उघड्या रानात."

"तिथून पाऊस सगळं खाली नेईल, तुमच्याच विहिरीत. चहा जरा दाट होईल तुमचा."

"मग हिरव्यात ओता. मुळं धरून ठेवतील. दादा त्यासाठीच तर पेरत होता."

थोरली शेण लोटत राहिली. मका काढल्यावर जमीन उघडी पडू नये म्हणून नवऱ्याने बरसीमचा चारा पेरायला घेतला होता, हाताने फेकत. अर्ध्या रानात पोचला आणि कोसळला. तो उठला नाही, बी मात्र उगवलं. पिशवी हातातून सुटली तिथे टोपलीएवढा दाट झुबका, त्यापुढे नुसती माती. टँकर नेला तर तो झुबका चाकाखाली जाणार. म्हणूनच तिने खड्डा भरू दिला होता.

दुपारी आभाळ पार खाली आलं. थोरलीने टँकर भरला. हिरव्यावर पातळ शेणकाला पसरत ती झुबक्यापाशी आली. वळवता आला असता. तिने वळवला नाही. चाक गेलं, मागून शेण पडलं. तिला वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल. नाही वाटलं.

ती उतरली, घरातून उरलेलं बी आणलं आणि झुबक्याच्या पुढे मूठमूठ फेकायला लागली.

"वहिनी, पाऊस येतोय!" दीर बांधावरून ओरडला.

"येऊ दे. बी भिजेल."

फेकता फेकता ती अशी ओक्साबोक्शी रडली, की गोठ्यातल्या गाई हंबरायला लागल्या.

बरं, ही घ्या कवळी. कोंबडी खरंच चालायची, पण रडणं तेवढं माझ्या पदरचं. ती रडली नाही. बी संपलं तेव्हा धारांची वेळ झाली होती, म्हणून गोठ्यात गेली.