जावयासमोर कसं सांगायचं?

चुडामणच्या छातीत कळ उठली ती केळीच्या बागेत. गड्यांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून जसोंडीहून थेट शहरात, बुधवारा पेठेतल्या जावयाच्या दवाखान्यात आणलं. खाली दवाखाना, वर लेकीचं घर. मालूबाई मागून रिक्षानं धापा टाकत पोचली, तर नवरा घामानं निथळत खाटेवर पडलेला आणि लेक शारदा पाण्याचा पेला धरून उभी.

"लेकीच्या घरचं पाणी मी पीत नाही," चुडामण कण्हत म्हणाला.

जीव चालला तरी माणूस नियम सोडेना! मालूबाईनं कपाळावर हात मारला.

जावई सुरेशनं गोळी काढली. "मामा, ही जिभेखाली धरा, पाणी लागत नाही. पण आधी सांगा, दुसरं काही औषध चालू आहे?"

"काहीच नाही. मी गोळ्या खातच नाही."

मालूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. काल रात्रीच तर खाल्ली! इच्छापूरच्या जत्रेतल्या तंबूवाल्या वैदूकडून आणलेली डबी, वर उधळलेल्या घोड्याचं चित्र. विचारलं तर म्हणे कमरेसाठी आहे. कमरेचं औषध कोणी खताच्या पोत्यामागे लपवतं का? खाल्लं की तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, आणि हा बाबा म्हणतो, जडीबुटीनं काय होतंय!

पण हे जावयासमोर कसं सांगायचं? लेकीचं लग्न झाल्यापासून ती सुरेशशी धड बोललेलीसुद्धा नव्हती. डोक्यावर पदर, आणि काय बोलायचं ते शारदाच्या तोंडून. तिनं शारदाला कोपरानं ढोसलं. "तुझ्या बाबांना नीट विचार ना गं."

"विचारलं ना आई. नाही म्हणून राहिले."

मालूबाईनं नवऱ्याकडे डोळे वटारले. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. सुरेशनं गोळी त्याच्या ओठांशी नेली.

"थांबा जावईबापू!" ती ओरडलीच. "खोटं बोलून राहिले ते! काल रात्री ताकदीची गोळी खाल्ली यांनी. मर्दानगीची! घ्या, सांगितलं एकदाचं!"

शारदा खाली बघायला लागली. "जडीबुटी आहे ती," चुडामण पुटपुटला, "डबीवर लिहेल आहे."

सुरेशनं हात मागे घेतला. त्याचा चेहरा उतरला होता. "मामी, असल्या डब्यांत इंग्रजी औषध चोरून मिसळतात. त्यावर ही गोळी दिली असती, तर बीपी इतकं खाली गेलं असतं की मामा माझ्याच हातून गेले असते." त्यानं दुसरं औषध दिलं आणि मोठ्या दवाखान्याची गाडी बोलावली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यातल्या खाटेवर चुडामणची कळ थांबली होती, पण तोंड फुगलेलं. "जावयासमोर माझी इज्जत घालवली तू. तुझ्यासाठीच तर खाऊन राहिलो होतो."

"माझ्यासाठी? मी मागितलं होतं?" मालूबाईचा आवाज चढला. "वर्षभर गुडघे गुडघे करून राहिले मी, मलमाची एक डबी आणली का? मला तुम्ही पाहिजे हो! नुसते बसलेले, कण्हणारे, कसेही!" आणि तिला रडू कोसळलं.

सुरेश दारात उभा होता, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. मालूबाईचा पदर खांद्यावर आला होता. तिनं तो सावरला नाही. "आणा इकडे, जावईबापू," म्हणाली, आणि बाटली उघडून नवऱ्याच्या तोंडाला लावली.

"लेकीच्या घरचं आहे. प्या!"

चुडामण मुकाट्यानं प्यायला.