आनंदवहीतले दोष

मॅडम,

ही तुमची वही परत पाठवते आहे. समुपदेशनाच्या पहिल्या दिवशी तुम्हीच दिली होती, मुखपृष्ठावर हसरा सूर्य. रोज संध्याकाळी तिघांनी एकत्र बसायचं, प्रत्येकाने दुसऱ्याबद्दल एक चांगली गोष्ट लिहायची. तक्रार लिहायची नाही.

मी रागात लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

आम्ही कशासाठी आलो होतो, आठवतं? आमची बारा वर्षांची मुलगी म्हणाली होती, मला मावशीकडे राहायला जायचंय. रडून नाही, भांडून नाही. दूध संपलंय सांगावं तशी. मावशी तयार होती. महिनाभर थांब, एवढंच मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तो महिना या शनिवारी संपतो.

पान १

मुलगी: आईने डबा छान दिला.
मी: बाबांनी कपडे वाळत घातले.
बाबा: सर्व ठीक.

"अहो, सर्व ठीक ही काय चांगली गोष्ट झाली?"

"आमच्या कारखान्यात याच्या वरचा शेराच नाही," हे म्हणाले.

हे काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकतात, तडा गेलेली हे उचलतात. एकवीस वर्षं. चांगल्या बाटलीकडे त्यांनी कधी बघितलेलंच नाही, ती नुसती पुढे जाते. अशा माणसाला तुम्ही कौतुक लिहायला बसवलंत.

पान ६

मुलगी: आईने डबा छान दिला.
खाली यांच्या लाल पेन्सिलीने: *पुनरावृत्ती.*

पेन्सिल मी मोडून केरात टाकली.

पान ७ ते १६

गोड. मुंग्या लागाव्यात इतकं गोड. "आई हसतमुख आहे." त्या दिवशी मी आठ तास लाँड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून आले होते, आणि जेवताना कुणी कुणाशी एक शब्द बोललं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि वर रोज खाली सही करायची.

पान १७, म्हणजे काल

मुलगी: ~~बाबा आज ओरडले नाहीत.~~ आईने डबा छान दिला.

खोडायला यांनीच लावलं. "यात ओरडण्याचा उल्लेख आहे. नियमात बसत नाही. दुसरं लिही."

तिने लिहिलं. पेनला टोपण लावलं. मग उठून कपाटावरची बॅग काढली आणि कपडे भरायला लागली. शनिवारला अजून दोन दिवस होते.

मी यांच्यावर तुटून पडले. "पोरीने सतरा दिवसांत एक खरी गोष्ट लिहिली, तीही तुम्ही बाद केलीत. डोळे आहेत की भिंग?"

"मग मी काय करू? मला जे येतं ते या वहीत चालत नाही."

"काय येतं तुम्हाला?"

"दोष लिहून घेता येतात."

हे बॅगेशेजारी फरशीवर बसले. वही उलटी करून शेवटचं पान काढलं. "बोल बाळा. काय बिघडलंय, कुठे, कधीपासून. मी फक्त लिहून घेतो."

"तुम्ही चिडाल."

"बाटलीवर कुणी चिडतं का?"

"मी बाटली नाहीये."

"बरं," म्हणाले, आणि लिहिलं.

मागचं पान

१. मी बाटली नाही.
२. सत्तर मार्क मिळाले तरी बाबा गेलेल्या तिसांबद्दलच बोलतात.
३. बाबा दार आपटतात.

"कोणतं?"

"बाथरूमचं."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीपासून."

यांचा आवाज एकदम सरळ. स्वतःची बाजू नाही, टोमणा नाही. आठव्या दोषापर्यंत सगळे यांचेच. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. घ्या म्हटलं आता, पदरात.

९. आई चिडते, आणि विचारलं की म्हणते, मी कुठे चिडले.
१०. आई राग भांड्यांवर काढते.
११. आई बाबांना निरोप माझ्याकडून देते. तिघं एकाच खोलीत असताना.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पहाटे उठून डबा कोण करतं या घरात?

"हे खोटं आहे."

"तपासणी चालू असताना वाद घालायचा नसतो," हे म्हणाले. "आधी लिहायचं."

बारा, तेरा, चौदाही माझेच. ते इथे उतरवत नाही. मागे आहेत, वाचा.

तेविसावर ती थांबली. "अजून आहेत. पण भूक लागली."

जेवून तिने मावशीला फोन लावला. "या शनिवारी नको. आमचं चालू आहे अजून." काय चालू आहे, असं मावशीने विचारलं असावं. "तपासणी," ती म्हणाली.

बॅग मात्र रिकामी केली नाही. अर्धी भरलेली तिथेच आहे.

मी भांडी घासत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, तू चिडलीयेस?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं.

"हो."

"किती?"

"खूप. तुझ्यावर, यांच्यावर, त्या वहीवर, आणि वही देणाऱ्या त्या बाईंवर."

"बाबा, लिहा," ती म्हणाली.

हे वही घेऊन आले, चोवीस आकडा घातला. "आई चिडली आहे. कधीपासून?"

मी नळ बंद केला, हात पुसले, आणि सांगायला लागले.